भाव उतरत असताना जळगावात घर घ्यावे की अजून थांबावे?

पिंप्राळ्याचा भाडेकरू

नमस्कार. मी जळगावात एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि गेली अकरा वर्षे पिंप्राळा भागात भाड्याने राहतो. मूळ गाव पारोळा तालुक्यात असून तेथे वडिलांची कोरडवाहू कापसाची शेती आहे. पत्नी खासगी नोकरीत आहे आणि मुलगी यंदा पाचवीत गेली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक रो-हाऊस दोन वर्षांपासून विक्रीला आहे. फाटकाला तारेने बांधलेली 'विकणे आहे' ही पाटी लागली तेव्हा तिची अक्षरे लालभडक होती; दोन उन्हाळ्यांत ती फिकट गुलाबी झाली असून मोबाईल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे आता वाचताही येत नाहीत. पाटी नवी होती तेव्हा मालकांनी ४४ लाख सांगितले होते आणि त्यात एक रुपयाही कमी होणार नाही असे बजावले होते. गेल्या आठवड्यात दलालाचा स्वतःहून फोन आला की ३८ लाखांत व्यवहार होईल, तुम्ही बसायला या.

आमच्या आसपासच्या दोन-तीन कॉलन्यांत अशी आणखी चार-पाच घरे पडून आहेत आणि त्यांचे मालकही हळूहळू खाली येत आहेत. घरात मात्र दोन मते पडली आहेत. माझे शालक म्हणतात की अशी संधी पुन्हा येणार नाही, बाजार फिरला की हेच घर ५० लाखांना जाईल. वडिलांना फोनवर सांगितले, तर ते शांतपणे म्हणाले, "भाव उतरी ऱ्हायना, मंग घर कोठे पयी ऱ्हायनं?" (भाव उतरतो आहे, मग घर कोठे पळून चालले आहे?)

आमच्याजवळ साडेदहा-अकरा लाख रुपये जमले आहेत. त्यांत वडिलांनी दिलेले तीन लाख धरले आहेत. बाकीच्या ३० लाखांचे कर्ज काढावे लागेल. सध्याचे भाडे महिना ९,००० रुपये आहे. घर स्वतः राहण्यासाठीच हवे आहे. भाव उतरत असताना घर घेणे शहाणपणाचे ठरते का, की उतरण थांबेपर्यंत वाट पाहावी, याविषयी ज्यांनी असा काळ अनुभवला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


सातपुड्याच्या पायथ्याशी

सर, थांबा. ज्या मालकांनी दोन वर्षांत सहा लाख सोडले, ते पुढच्या दिवाळीपर्यंत आणखी दोन लाख सोडतील. गरज त्यांना आहे, तुम्हाला नाही.


भुसावळचा निवृत्त बँकवाला

मी तीस वर्षे बँकेत काढली आणि त्यातील बराच काळ गृहकर्जाच्या टेबलावर बसलो. सरांचा प्रश्न योग्य आहे, परंतु 'भाव कधी तळाला लागेल' या बाजूने तो सोडवायला गेले तर हाती काहीच लागत नाही. तळ हा नेहमी मागे वळून पाहिल्यावर दिसतो. त्याऐवजी असे विचारावे की एक वर्ष आधी घर घेण्याची किंमत मला नेमकी किती पडते. हे गणित कागदावर मांडता येते, म्हणून तुमचेच आकडे घेतो.

३० लाखांचे कर्ज, व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षे असे धरले, तर हप्ता सुमारे २५,१०० रुपये येतो. पहिल्या वर्षी तुम्ही जे तीन लाख एक हजार भराल, त्यांतील सुमारे २ लाख ३८ हजार निव्वळ व्याजात जातील. शिवाय घरात घातलेले तुमचे स्वतःचे ८ लाख जर मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी राहिले असते, तर त्यावर ५२ हजार मिळाले असते, तेही धरले पाहिजे. या दोन्हींतून वर्षाचे वाचलेले भाडे, म्हणजे १ लाख ८ हजार, वजा करा. उरतात सुमारे १ लाख ८२ हजार. ३८ लाखांवर ही रक्कम पावणेपाच टक्क्यांच्या जवळ जाते. याचा अर्थ असा की या घराचा भाव पुढील वर्षभरात पावणेपाच टक्क्यांहून अधिक वाढणार असेल, तरच आज घाई करण्यात आर्थिक फायदा आहे. भाव जागेवर राहिला तरी थांबणाऱ्याची बचत होते, आणि उतरला तर ती आणखी वाढते.

येथे एक अट आहे, आणि ती मी प्रत्येक कर्जदाराला सांगत असे. थांबणाऱ्याने हप्ता आणि भाडे यांतील फरक, म्हणजे तुमच्या बाबतीत महिन्याला १६,१०० रुपये, खरोखरच बाजूला टाकले पाहिजेत. वर्षाला ते १ लाख ९३ हजार होतात. पुष्कळ लोक घर घ्यायचे थांबतात आणि तेच पैसे गाडीत, लग्नकार्यात आणि मोबाईलमध्ये जातात. मग चार वर्षांनी भावही वर गेलेला असतो आणि खातेही रिकामे असते.

दुसरी गोष्ट पाच वर्षांच्या आत घर विकावे लागण्याची. पाच वर्षांत तुम्ही १५ लाखांहून अधिक हप्ते भरलेले असतील, पण मुद्दल फक्त पावणेचार लाखांनी कमी झालेले असेल आणि सव्वासव्वीस लाख देणे बाकी असेल. त्या वेळी भाव १० टक्क्यांनी खाली असला, म्हणजे घराचे ३४ लाख २० हजार आले, तर बँकेचे फेडून तुमच्या हातात आठ लाखांच्या आत रक्कम पडेल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीत गेलेले पैसे तर परत येतच नाहीत. उतरत्या बाजारात नुकसान होते ते ज्याला विकावे लागते त्याचे. ज्याला विकावे लागत नाही त्याच्या घराचा भाव वर्तमानपत्रात काहीही छापून आला, तरी त्याच्या डोक्यावरचे छप्पर तेवढेच राहते. म्हणून सर, बदली, पत्नीची नोकरी, आईवडिलांचे आजारपण, मुलीचे शिक्षण या सगळ्यांचा विचार करून आधी स्वतःला विचारा: दहा वर्षे मी या घरातून हलणार नाही, असे मी म्हणू शकतो का?


पिंप्राळ्याचा भाडेकरू

काका, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचे गणित काल रात्री पत्नीसमोर मांडले. तिने एकच प्रश्न विचारला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो: तिची नोकरी गेली तर हप्ता एकट्याच्या पगारातून जाईल का? ८ टक्क्यांवर जाईल, पण ओढाताण होईल. व्याज वाढले तर काय, हे मी मोजलेलेच नव्हते.


भुसावळचा निवृत्त बँकवाला

ताईंचा प्रश्न बँकेच्या मुलाखतीत विचारायला हवा होता, इतका नेमका आहे. ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या व्याजाची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) बाहेरच्या दराशी बांधलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर गेला, म्हणजे एका वर्षाच्या आत अडीच टक्क्यांची उडी. पुढे २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आला. आज स्वस्त वाटणारा हप्ता वीस वर्षे तसाच राहील, असे समजू नका. तुमच्याच कर्जावर १० टक्के व्याज धरले तर हप्ता २८,९५० होतो. तो आकडा एकट्या पगारातून निघत असेल, तरच पुढे चला.

आयकराच्या सवलतीसाठी कर्ज काढावे, असा सल्ला अजूनही दिला जातो. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही, त्यामुळे ते कारण बहुतेक पगारदारांसाठी संपले आहे.


रावेरचा केळीवाला

बँकवाल्या काकांचे गणित बरोबर आहे, परंतु भाव का उतरतो आहे हे पाहिल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही. आपल्या खान्देशात शहरातले घर घेणारा माणूस कोण आहे, ते पाहा. एक नोकरदार, म्हणजे शिक्षक, रेल्वेचे, वीज मंडळाचे, आयुधनिर्माणीचे कर्मचारी. आणि दुसरा शेतकरी, जो मुलांच्या शिक्षणासाठी जळगाव, धुळे किंवा शिरपूरला एक घर करून ठेवतो. दुसऱ्याच्या हातात पैसा कधी येतो, ते कापूस आणि केळी ठरवतात. २०२२ च्या सुरुवातीला कापसाचा भाव क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता, त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या सहा जणांनी शहरात प्लॉट किंवा घर घेतले. त्यानंतर भाव खाली आला, मजुरी आणि खते मात्र महागच राहिली, आणि त्यांच्यानंतर आमच्या भागातून शहरात घर पाहायला कोणी गेल्याचे मला आठवत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला आहे, तो प्रत्यक्ष किती जणांच्या पदरात पडतो यावर जळगावच्या दलालांचे फोन अवलंबून आहेत, असे मी म्हणेन.

मालकांनी पाटी लावून दोन वर्षे झाली, याचे कारण हेच असावे. सरांच्या वडिलांचा अनुभव म्हणूनच मोलाचा आहे. शेतात पैसा नसताना घर पळून जात नाही, हे त्यांनी पाहिलेले आहे.


गिरणामाय

मी माझा अनुभव लिहिते, कारण तो वाचून एखादे कुटुंब वाचले तरी पुरे आहे.

२०२० मध्ये करोनामुळे बाजार बसला होता. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली होती, आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये ती २ टक्के होती. आम्हाला सगळ्यांनी सांगितले की भावही पडला आहे, शुल्कही कमी आहे, व्याजही इतके खाली कधी नव्हते, आता नाही तर केव्हा? आम्ही डिसेंबरात एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. बिल्डर शेजारच्या तयार इमारतीपेक्षा पाच लाखांनी स्वस्त देत होता. तो स्वस्त का देतो आहे, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. त्याला पैशाची निकड होती, एवढेच त्याचे कारण होते.

तिसऱ्या स्लॅबनंतर काम थांबले. बँकेने जेवढी रक्कम सोडली होती तिचे व्याज दरमहा कापले जात होते आणि राहत्या घराचे भाडेही चालू होते. तीन पावसाळे त्या उघड्या सळया गंजताना मी पाहिल्या. रविवारी मुलाला घेऊन जायचे, तो बोट दाखवून विचारायचा की आपली खोली कोणती, आणि मी त्याला तिसऱ्या मजल्याचा कोपरा दाखवायचे. महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार केली, आदेश आमच्या बाजूने लागला, परंतु आदेश मिळणे वेगळे आणि पैसे मिळणे वेगळे. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीसारखी होते आणि बिल्डरच्या नावावर विकण्याजोगे काही उरले असेल तरच ती होते. आमची अजून पूर्ण झालेली नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बाजार चढता असताना बांधकाम चालू असलेले घर एखाद्या वेळी निभावून जाते, कारण नवे ग्राहक येत राहतात आणि काम पुढे सरकते. बाजार उतरला की नवा ग्राहक थांबतो आणि सर्वांत आधी सिमेंटची गाडी थांबते. कायद्याने ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे सगळे खरे आहे आणि ते उपयोगीही आहे. परंतु मुळात विक्रीच होत नसेल तर त्या खात्यात पैसा येणार कोठून? उतरत्या काळात घ्यायचेच असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळालेले, कुलूप उघडून आत पाय ठेवता येईल असे घर घ्या. त्यावर जीएसटीही लागत नाही. बांधकाम चालू असेल तर १ किंवा ५ टक्के लागतो.


पिंप्राळ्याचा भाडेकरू

ताई, वाचून फार वाईट वाटले. मी पाहतो आहे ते घर नऊ वर्षांचे जुने आहे, त्यामुळे तो धोका नाही. पण शेजारच्या एका नव्या प्रकल्पाचे माहितीपत्रक घरात पडले होते, ते आज रद्दीत टाकले.


पांझराकाठचा अभियंता

मी धुळ्याला बांधकाम तपासणीची कामे करतो. भाव, व्याज यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी घरावरच लिहितो. बाजार उतरल्याचा ग्राहकाला मिळणारा सर्वांत मोठा लाभ म्हणजे तपासायला मिळणारा वेळ. चढत्या बाजारात दलाल म्हणतो की संध्याकाळपर्यंत इसार द्या, नाहीतर दुसरा तयार आहे. त्यामुळे लोक लाखोंचे घर वीस मिनिटांत पाहून घेतात. आज तुम्ही त्या घरात चार वेळा जाऊ शकता, आणि मालक चारही वेळा चहा देतील.

तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया नीट खोल गेलेला नसेल, किंवा माती काढून मुरूम भरलेला नसेल, तर घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते आणि थोडे खाली बसते. याची खूण भिंतीच्या मध्यभागी शोधू नका. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग पाहा, कंपाउंडची भिंत घरापासून सुटली आहे का ते पाहा, आणि ओट्याच्या पायऱ्या जोत्यापासून वेगळ्या झाल्या आहेत का ते पाहा. केसाएवढी भेग प्लास्टरची असू शकते. दहा रुपयांचे नाणे कडेने आत जात असेल, तर ती पायाची गोष्ट आहे. विक्रीच्या आधी एखाद्याच खोलीला, किंवा फक्त खिडकीखालच्या पट्ट्याला नवा रंग दिलेला दिसला, तर तेथे हाताने टकटक करा. पुट्टीचा आवाज पोकळ येतो.

शक्य असेल तर मे महिन्यात दुपारी तीन वाजता जा. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि पश्चिमेकडची भिंत संध्याकाळी सातलाही हाताला चटका देते. वरच्या मजल्यावरची खोली त्या वेळी कशी आहे, हे दिवाळीत घर पाहणाऱ्याला कळत नाही. पाणी किती दिवसांआड येते, जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, हे मालकांना विचारण्याऐवजी समोरच्या घरातील आजींना विचारा.

आणि जे काही सापडेल त्याचा दुरुस्ती खर्च लिहून काढून भावात मागा. "अजून दोन लाख कमी करा" असे म्हणणाऱ्याला मालक नाही म्हणतात. "गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि कंपाउंडची भिंत यांना इतका खर्च आहे" असे कागदावर दाखवणाऱ्याशी त्यांना बोलावेच लागते.


शिरपूरहून परदेशी, परदेशातून शिरपूर

मी २००७ ते २०१३ या काळात अमेरिकेत फीनिक्स शहरात नोकरीला होतो. घरांचा बाजार उतरणे म्हणजे काय, हे मी तेथे पाहिले. २००६ च्या शिखरानंतर त्या देशातील घरांचे भाव सरासरी एक चतुर्थांशाहून अधिक उतरले आणि फीनिक्ससारख्या शहरात तर निम्म्याहून अधिक. २००९ मध्ये सरकारने प्रथम घर घेणाऱ्यांना ८,००० डॉलरपर्यंत करसवलत दिली, तेव्हा माझ्या कार्यालयातील अनेकांना वाटले की तळ आला. त्यांनी घरे घेतली. २०१० मध्ये सवलत संपली आणि भाव पुन्हा घसरले. खरा तळ २०१२ च्या सुरुवातीला लागला आणि देशाची सरासरी जुन्या शिखराला पोहोचायला २०१६ साल उजाडले.

माझ्या निरीक्षणात, २००९ मध्ये घेणाऱ्यांपैकी ज्यांची नोकरी टिकली आणि ज्यांनी हप्ता झेपेल इतकेच कर्ज घेतले होते, ते आजही त्याच घरांत सुखाने आहेत. ज्यांनी तीन वर्षांत विकून नफा काढू, या हिशोबाने घेतले, त्यांची वाताहत झाली. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. ॲरिझोनात राहत्या घराच्या खरेदी-कर्जावर बँकेला साधारणपणे घरावरच समाधान मानावे लागते. किल्ली परत केली की माणूस मोकळा होत असे. आपल्याकडे तसे नाही. घराचा लिलाव होऊनही कर्ज फिटले नाही, तर उरलेली रक्कम कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या मानेवर राहते. म्हणून तेथील धाडस येथे करू नये.


धुळेकर_देवपूर

थोडा वेगळा मुद्दा. भाव उतरले की काही लोक घराऐवजी एन.ए. (बिगरशेती) प्लॉट सुचवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक प्लॉट 'स्टेशनजवळ' झाला आहे. या मार्गाची वाट धुळेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे आणि तो व्हावा ही माझीही इच्छा आहे, परंतु प्लॉटमध्ये राहता येत नाही आणि त्याचे भाडेही वाचत नाही. ज्याला छप्पर हवे आहे, त्याने छप्परच घ्यावे.


सराफ बाजाराशेजारी

सर्वांनी व्याज आणि भाडे मोजले, पण जळगावात राहून सोन्याचा विचार कोणीच मांडला नाही, याचे आश्चर्य वाटले. सोने अडचणीच्या दिवशी दोन तासांत विकले जाते, घराला दोन वर्षे पाटी लावावी लागते. सरांच्या गल्लीतच त्याचा पुरावा लटकतो आहे. सगळी पुंजी घरात घालू नका. सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढे तरी मोकळे ठेवा, मग ते सोन्यात असोत वा ठेवीत.


सातपुड्याच्या पायथ्याशी

बँकेच्या लिलावातली घरे कशी राहतील? वर्तमानपत्रात पानभर जाहिराती येतात आणि राखीव किंमत बाजारापेक्षा कमी दिसते.


भुसावळचा निवृत्त बँकवाला

दादा, प्रथमच घर घेणाऱ्या पगारदाराने त्या वाटेला सहसा जाऊ नये. बोली मंजूर झाली की २५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली ७५ टक्के पंधरा दिवसांत भरावी लागते. मुदत वाढवून मिळू शकते, पण ती हक्काने मागता येत नाही. एवढ्यात गृहकर्ज मंजूर होऊन हाती येईलच असे नाही आणि रक्कम चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. मालमत्ता 'जशी आहे तशी' विकली जाते. ताबा प्रत्यक्ष आहे की केवळ कागदोपत्री, हे जाहिरातीत लहान अक्षरांत असते. कागदोपत्री असेल, तर आत राहणाऱ्या कुटुंबाला बाहेर काढेपर्यंत तुम्ही भाडेकरूच राहता.

सरांसाठी आणखी दोन गोष्टी, ज्या उतरत्या बाजारातच अंगावर येतात. मुद्रांक शुल्क हे करारातील किंमत आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते. बाजार उतरला म्हणून रेडी रेकनर आपोआप उतरत नाही. दोन वर्षे कायम ठेवलेले दर १ एप्रिल २०२५ पासून वाढवण्यातच आले. घासाघीस करून किंमत रेडी रेकनरच्या १० टक्क्यांहून अधिक खाली गेली, तर तो फरक आयकर खाते तुमचे उत्पन्न मानू शकते. तेव्हा आधी त्या गटाचा दर पाहून घ्या. महापालिका हद्दीत शुल्क आणि अधिभार मिळून ६ टक्के धरा; सरांच्या पत्नीच्या एकटीच्या नावावर खरेदी केली तर १ टक्का सवलत आहे, म्हणजे ३८ लाखांवर ३८ हजार. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार.

दुसरी गोष्ट मालकांची. दोन वर्षे अडून बसलेला माणूस एकदम खाली येतो, तेव्हा बहुधा त्याच्या मागे कोणाचा तरी तगादा असतो. सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा आहे का ते पाहा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा अहवाल) वकिलाकडून घ्या, आणि साध्या कागदावरच्या इसार पावतीवर मोठी रक्कम देऊ नका.


पिंप्राळ्याचा भाडेकरू

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांच्या सूचना एका वहीत उतरवून घेतल्या आणि त्या क्रमाने कामाला लागलो.

घर चार वेळा पाहिले. तिसऱ्या वेळी दुपारी तीनला एका जाणत्या गवंड्याला घेऊन गेलो. मागच्या खोलीत खिडकीखाली खरोखरच नव्या रंगाचा पट्टा निघाला आणि बाहेरून कंपाउंडची भिंत बोटभर सुटलेली दिसली. गवंड्याच्या मते मुख्य घराचा पाया ठीक आहे, भिंत मात्र पाडून पुन्हा बांधावी लागेल. गच्चीसह खर्च त्याने एक लाख दहा हजार लिहून दिला. वरच्या खोलीत आम्ही दहा मिनिटे उभे राहिलो आणि मुलीचा चेहरा लाल झाला.

सात-बारावर एका पतसंस्थेचा बोजा सापडला. मालकांना विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की मुलाच्या व्यवसायासाठी काढले होते, व्याज चढत चालले आहे. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या अडचणीचा गैरफायदा घ्यावा असे मनात येत नाही, पण त्यांची अडचण माझ्या डोक्यावरही घेता येत नाही. बोजा उतरवून, ना-हरकत दाखला आणि फेरफार हाती दिल्यावरच खरेदीखत होईल, आणि आमच्या पैशातील तेवढी रक्कम थेट पतसंस्थेत भरली जाईल, असे मी त्यांना सांगितले.

३५ लाख ५० हजार ही माझी किंमत मी कळवली आहे. रेडी रेकनरचे मूल्य तिच्या खाली असल्याची खात्री करून घेतली. कर्ज साडेसत्तावीस लाखांवर आले, तर १० टक्के व्याजानेही हप्ता एकट्या पगारातून निघतो. पुढच्या वर्षी हे घर ३४ लाखांना मिळाले असते असे कळले, तरी मला झोप लागेल असा तो आकडा आहे. मालकांनी दहा दिवस मागितले आहेत. शालकांना वाटते की मी फार ताणतो आहे.

वडील परवा घर पाहायला आले होते. आत जाण्याआधी ते कंपाउंडजवळ बसले, भेगेतली माती बोटांनी चुरडून पाहिली आणि "काळी आहे" एवढेच बोलले. मग गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी पाहिली. परतताना त्यांनी पाटीवरचा क्रमांक वाचायचा प्रयत्न केला. सध्याच्या घराचा अकरा महिन्यांचा भाडेकरार याच महिन्यात संपतो. विकणाऱ्या मालकांचा होकार आला नाही, तर मी तो पुन्हा करून घेणार आहे आणि १६,१०० रुपयांचे आवर्ती खाते उघडण्याचा अर्ज पत्नीने आजच आणून ठेवला आहे.